अल्पवयीन मुलावर दहशतवादाचा संशय आल्यास : ताब्यात घेतल्यापासून बाल न्याय मंडळापुढे उभे करेपर्यंत काय करावे आणि कोणत्या क्रमाने

रात्री दहाच्या सुमारास साध्या वेशातील चार माणसे दारात येतात, मुलाला आणि त्याच्या मोबाइलला सोबत नेतात आणि ‘थोडी चौकशी आहे, सकाळी सोडतो’ एवढेच सांगून जिना उतरतात. त्यानंतरच्या काही तासांत घरची माणसे, त्यांनी घाईघाईने गाठलेला वकील आणि कित्येकदा ठाण्यातील अंमलदारही ठरावीक चुका करतात. या चुकांचे मूळ एका समजुतीत आहे. ‘यूएपीए’ म्हणजे बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, हे नाव कानावर पडले की मुलांसाठीचा कायदा आता लागू नाही, असे सर्वांनी मनोमन धरलेले असते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याचे कलम १(४) स्पष्ट सांगते की, इतर कोणत्याही कायद्यात काहीही म्हटलेले असले तरी, विधी संघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलाला, ताब्यात घेणे, अडकवून ठेवणे, त्याच्यावर कारवाई चालवणे आणि त्याला शिक्षा देणे या सर्व बाबी याच अधिनियमाप्रमाणे होतील. तपास ठाण्याचा असो, स्थानिक गुन्हे शाखेचा असो, दहशतवादविरोधी पथकाचा असो किंवा राष्ट्रीय तपास यंत्रणेचा असो, त्याने यात फरक पडत नाही.

पुढील टप्पे कोल्हापूर जिल्ह्यातील पालक, नव्याने वकिली करणारे आणि ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी म्हणून नेमलेले कर्मचारी यांच्यासाठी लिहिले आहेत. मुलगा दोषी आहे की नाही, हा येथे प्रश्न नाही. तो खरोखर गुंतलेला असला तरी क्रम चुकवून केलेला तपास न्यायालयात टिकत नाही, एवढे तपास करणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.

टप्पा १ : कोणी नेले, कोठे नेले, किती वाजता नेले

पहिली चूक धावाधाव करण्याची असते. सगळे घर एकाच वेळी बाहेर पडते. शाहूपुरी ठाण्यात विचारायचे, तेथून राजारामपुरी ठाण्यात जायचे, मग कोणीतरी ‘एलसीबीने’ म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेने ‘नेले असेल’ म्हणते म्हणून तिकडे, असे करत पहाट होते आणि हातात एकही कागद नसतो. त्याऐवजी कामे वाटून घ्यावीत. एकाने ठाण्यात जावे, दुसऱ्याने घरी थांबून वयाचे कागद काढावेत, तिसऱ्याने वकील गाठावा. ओळखीचा वकील नसेल तर १५१०० या विधी सेवा मदतवाहिनीवर आणि १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या कलम १२ नुसार बालकाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात आहे. या दोन फोनचा आणखी एक उपयोग असा की, मूल अमुक वेळी घरी नव्हते आणि घरच्यांनी अमुक वेळी तक्रार केली, याची नोंद पोलिसांच्या कागदांबाहेरही राहते.

घरातून नेल्याची वेळ, गाडीचा क्रमांक, सांगितलेले नाव आणि हुद्दा हे सर्व ताबडतोब वहीत लिहावे, कारण मुलाला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचे असते आणि ते घड्याळ याच क्षणी सुरू होते. कागदावर मात्र ‘ताब्यात घेतले’ ही वेळ बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळची दाखवली जाते. म्हणून ठाण्यात दोन प्रतींत साधा अर्ज द्यावा. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, नेल्याची वेळ, ‘तो अल्पवयीन असून त्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम १० नुसार बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावे’ ही मागणी आणि ताब्यात घेण्याची कारणे लेखी देण्याची विनंती, एवढेच असावे. एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घालून पोहोच घ्यावी. पोहोच नाकारली तर वाद न घालता तोच मजकूर पोलीस अधीक्षकांच्या आणि त्या ठाण्याच्या अधिकृत ईमेलवर पाठवावा. ईमेलवर वेळ आपोआप पडते. यूएपीएखालील अटकेची कारणे लेखी दिलीच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ रोजी प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात ठरवले आहे. प्रौढाला मिळणारे हे संरक्षण मुलाला नाकारता येत नाही, हे अर्जातच नमूद करावे.

मुलाला पुण्याला किंवा मुंबईला नेत असतील तर चोवीस तासांतून केवळ प्रवासाचा वेळ वगळला जातो. महामार्गावरील सहा-सात तास वगळता येतील, पण तेथे पोहोचल्यावर दोन दिवस ‘चौकशी’ करणे त्यात बसत नाही.

*सावधान :* घरात उरलेला दुसरा फोन, लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह पुसून टाकणे, फोडणे किंवा पंचगंगेत टाकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पुरावा म्हणून लागू शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भीतीपोटी मोठ्या भावाने केलेल्या अशा एका कृतीमुळे निव्वळ संशयाचे प्रकरण कटाचे होऊन बसते.

टप्पा २ : वयाचा कागद

एक आई प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डाच्या पाच झेरॉक्स घेऊन रात्रभर ठाण्याच्या बाकावर बसून होती. पिशवीत दुसरे काही नव्हते. शाळेचा दाखला घरी ट्रंकेत, कपड्यांच्या खाली होता. तो सकाळी अकराला आला आणि तोवर कागदांवर मुलाचे वय ‘अंदाजे १९’ असे पडले होते. ते दुरुस्त करून घ्यायला पुढे बरेच दिवस गेले.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये वयाच्या पुराव्याचा क्रम ठरवून दिला आहे आणि तो बदलता येत नाही. प्रथम शाळेने दिलेले जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा दहावीचे म्हणजे माध्यमिक शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र पाहिले जाते. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. हे दोन्ही नसतील तरच हाडांची म्हणजे ऑसिफिकेशनची किंवा तत्सम वैद्यकीय चाचणी होते आणि ती मंडळाच्या आदेशानंतर १५ दिवसांत पूर्ण करायची असते. आधार कार्ड या क्रमात कोठेही नाही. ते जन्मतारखेचा पुरावा म्हणून धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्येही एका अपघात भरपाईच्या प्रकरणात सांगितले आहे. नुसत्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही विसंबू नये. न्यायालयाने २०२३ मध्ये तशा बदली दाखल्याला कलम ९४ मधील पुरावा मानण्यास नकार दिला होता. म्हणून शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीने, जनरल रजिस्टरचा क्रमांक नमूद करून जन्मतारखेचे स्वतंत्र प्रमाणपत्र घ्यावे आणि जन्मदाखलाही सोबत जोडावा. दोन्ही कागदांवर एकच तारीख असली की पुढचा वाद बहुतेक मिटतो.

दोन तारखा वेगळ्या निघाल्या तर? आपल्याकडे असे वरचेवर घडते, कारण पहिलीत प्रवेश मिळावा म्हणून गुरुजींनी जून महिन्यातली एखादी तारीख घातलेली असते. अशा वेळी सोयीची तारीख निवडून दुसरा कागद लपवू नये. क्रमात जो कागद वर आहे तोच धरला जाईल. लपवलेला कागद तपास अधिकारी शोधून काढतोच आणि मग खऱ्या कागदावरचाही विश्वास उडतो. वैद्यकीय चाचणी आपण होऊन मागू नये, कारण तिच्यात दोन्ही बाजूंना सुमारे दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे न्यायालयांनी १९८२ पासून मान्य केले आहे. सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा फरक त्याला वाचवू शकतो, तसा बुडवूही शकतो. मुंबई हल्ल्याच्या खटल्यात अजमल कसाबने आपण सज्ञान नसल्याचा दावा केला तेव्हा कागदच नसल्याने न्यायालयाने चाचणीचा आधार घेतला आणि तो वीस वर्षांहून मोठा असल्याचे ठरले. वयाचा दावा आरोप कितीही मोठा असला तरी ऐकावाच लागतो आणि कागद नसला की तो डॉक्टरांच्या हाती जातो, हे त्यावरून दिसते.

वय मोजायचे ते घटनेच्या दिवशीचे. अटकेच्या दिवशीच्या वयाला येथे महत्त्व नाही. दहशतवादाच्या प्रकरणांत मोठी मेख येथेच असते, कारण फिर्यादीत एक दिवस नसतो. ‘२०२४ ते २०२५ या कालावधीत’ कट केला असे लिहिलेले असते आणि मुलाला अठरा पूर्ण होण्याचा दिवस त्या कालावधीच्या मधोमध येतो. म्हणून मुलाच्या नावावर दाखवलेली प्रत्येक कृती, मग तो ग्रुपमध्ये सामील होणे असो, पैसे पाठवणे असो किंवा एखाद्याला भेटणे असो, वेगळी काढून तिच्यापुढे तारीख आणि त्या तारखेचे वय लिहावे. हा अर्ध्या पानाचा तक्ता पुढे प्रत्येक सुनावणीत उपयोगी पडतो.

*तपासून घ्या :* आज मूल अठरा वर्षांचे झालेले असले तरी कृत्याच्या वेळी लहान असेल तर कलम ६ प्रमाणे त्याला बालकच धरायचे असते. चौकशी चालू असताना अठरा पूर्ण झाले तरीही मंडळापुढील कारवाई कलम ५ प्रमाणे तशीच चालू राहते.

टप्पा ३ : आरोप ‘निर्घृण’ आहे की ‘गंभीर’, हे त्याच रात्री ठरवा

हा टप्पा बहुतेक वकील वगळतात. कायद्याने गुन्ह्यांचे किरकोळ, गंभीर आणि निर्घृण असे तीन वर्ग केले आहेत. ज्याला कायद्याने किमान सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा ठरवली आहे तोच गुन्हा निर्घृण. कमाल शिक्षा जन्मठेपेची असली, पण किमान शिक्षा सात वर्षांहून कमी असली किंवा ठरवलेलीच नसली, तर तो गुन्हा ‘गंभीर’ या वर्गात जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२० रोजी शिल्पा मित्तल प्रकरणात ठरवले आणि पुढे २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आले.

आता यूएपीएची कलमे या फुटपट्टीने मोजून पाहावीत. कोणाचा मृत्यू झाला नसेल तर दहशतवादी कृत्याला (कलम १६) किमान पाच वर्षे. कट (कलम १८) आणि पैसा पुरवणे (कलम १७) यांनाही किमान पाचच. संघटनेचे सदस्यत्व (कलम २०, ३८) आणि पाठिंबा (कलम ३९) यांना किमान शिक्षाच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्येही साधारण हीच रचना आहे. याचा अर्थ असा की, मुलांवर नेहमी लावली जाणारी ही कलमे ऐकायला भयंकर असली तरी ‘निर्घृण’ ठरत नाहीत आणि त्या मुलाला प्रौढाप्रमाणे खटल्याला पाठवण्याचा मार्गच उरत नाही. कृत्यात मृत्यू झाला असेल किंवा स्फोटक पदार्थ अधिनियम, १९०८ याचे कलम ३ लावले असेल तर मात्र गुन्हा निर्घृण होतो. म्हणून फिर्यादीत कलमांच्या गर्दीत ते एक ‘३’ आहे का, ते शोधावे आणि असेल तर स्फोट खरोखर घडवल्याचा आरोप आहे की केवळ सामग्री बाळगल्याचा, हे वाचावे. सामग्री बाळगल्याबद्दल कलम ४ आणि ५ आहेत आणि त्यांना किमान शिक्षा नाही.

या वर्गवारीचा परिणाम लगेच दिसतो. बाल न्याय अधिनियमाखालील आदर्श नियम, २०१६ मधील नियम ८ प्रमाणे निर्घृण गुन्हा किंवा प्रौढांसोबत मिळून केल्याचा आरोप एवढ्याच बाबतीत मुलावर एफआयआर नोंदवता येतो. बाकी ठिकाणी स्टेशन डायरीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा असतो. ताब्यात घेण्याचा अधिकारही मुख्यतः निर्घृण गुन्ह्यांपुरताच आहे. अन्य गुन्ह्यांत मुलाच्या हिताचे कारण दाखवावे लागते. ते कारण कोणते, हा प्रश्न पहिल्याच सुनावणीत विचारावा.

टप्पा ४ : विचारपूस

जेथे सर्वांत जास्त नुकसान होते तो हाच टप्पा आहे, म्हणून येथे घाई करू नये.

*आधी हे ठरवून घ्या की मूल साक्षीदार आहे की संशयित.* ‘नुसता जबाब द्यायला पाठवा’ असे म्हणून तीन-तीन दिवस रोज सकाळी बोलवायचे आणि संध्याकाळी सोडायचे, ही जुनी पद्धत आहे. तीत चोवीस तासांचे घड्याळ कधी सुरूच होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीदाराला लेखी आदेशानेच बोलावता येते आणि पंधरा वर्षांखालील मुलाला किंवा कोणत्याही वयाच्या मुलीला तिच्या राहत्या जागेबाहेर बोलावताच येत नाही. लेखी नोटीस मागावी. मूल संशयित असेल तर सरळ मंडळाचा मार्ग धरावा.

*जागा.* मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, तुरुंगात ठेवता येत नाही, हातकडी किंवा दोर लावता येत नाही. विचारपूस विशेष बाल पोलीस पथकाच्या जागेत किंवा ठाण्यातील बालस्नेही कक्षात व्हावी, म्हणजे जेथे पोलीस ठाण्यात बसल्यासारखे वाटणार नाही अशा ठिकाणी. अधिकारी साध्या वेशात हवा. पालक विचारपुशीच्या वेळी हजर राहू शकतात. ‘आत यायचे नाही, बाहेर बसा’ असे सांगितले तर नियम ८ चे नाव घेऊन शांतपणे पुन्हा विनंती करावी आणि नकार कोणी, किती वाजता दिला ते वहीत लिहावे. खोली ठाण्यातील असो वा पथकाच्या कार्यालयातील, चौकशीच्या जागी कॅमेरे असले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी प्रकरणात बजावले आहे आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेसारख्या यंत्रणांनाही ते लागू केले आहे. चित्रीकरण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपायचे असते. पण ते आपोआप कोणी काढून देत नाही, म्हणून ‘अमुक तारखेचे, इतक्या ते इतक्या वाजेपर्यंतचे चित्रीकरण जतन करावे’ असा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा.

*झोप, पाणी, जेवण.* हे मुद्दे क्षुल्लक वाटतात, पण जबाबाची किंमत त्यांवरच ठरते. थकलेले, घाबरलेले मूल समोरच्याला हवे ते उत्तर देते, कारण त्याला तेथून सुटायचे असते. त्या उत्तराने पुढे काय होईल हे त्याला दिसत नाही. ओमर खाद्र या कॅनेडियन मुलाला २००२ मध्ये पंधराव्या वर्षी अफगाणिस्तानात पकडून अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगात ठेवले होते. त्याला दर काही तासांनी कोठडी बदलून झोपेविना ठेवले जात होते. वकील नसताना, अशा अवस्थेतील अल्पवयीनाची चौकशी करणे मूलभूत न्यायाला धरून नाही, असे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आपल्याच अधिकाऱ्यांविरुद्ध म्हटले. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात रात्री दोन वाजता, बल्बच्या उजेडात, लाकडी स्टुलावर बसवून घेतलेल्या जबाबाचीही जात तीच. मूल शेवटचे कधी झोपले, कधी जेवले, हे वकिलाने पहिल्या भेटीतच विचारून लिहून ठेवावे.

*प्रश्न विचारण्याची रीत.* हे तपास करणाऱ्यांसाठी आहे. ‘तू त्या ग्रुपमध्ये बॉम्बची माहिती वाचलीस ना?’ असे विचारले की ‘हो’ मिळते आणि त्या ‘हो’ला काही अर्थ नसतो. ‘त्या ग्रुपमध्ये तू कसा आलास, ते पहिल्यापासून सांग’ असे म्हणून मुलाला बोलू द्यावे. एका वेळी एकच अधिकारी बोलणारा असावा. ‘तुझ्या मित्राने सगळे सांगितले आहे’ अशी खोटी भीती घालू नये. दहशतवादाच्या प्रकरणात खरोखर कामाची माहिती म्हणजे मुलाला कोणी ओढले, पैसे कोठून आले आणि भेट कोठे झाली. ही माहिती दरडावून मिळत नाही. इचलकरंजीच्या मागावर किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे परप्रांतीय मूल असेल, किंवा सीमेकडचे कन्नड बोलणारे असेल, तर दुभाषी देणे बंधनकारक आहे. ठाण्याच्या गाडीचा चालक ‘मला हिंदी येते’ म्हणून दुभाषी होतो, ते चालणार नाही.

*सही.* मुलाकडून कोणत्याही जबाबावर सही घ्यायची नाही, असे नियमच सांगतो. कोऱ्या कागदावर तर नाहीच. पोलिसांपुढे दिलेली कबुली भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे पुरावा होत नाही. मात्र त्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येऊ शकतो. त्यामुळे ‘जागा दाखवायला’ मुलाला रात्री गाडीतून फिरवले का, पंच कोण होते आणि पंचनामा कोठे बसून लिहिला, हे विचारणे टाळू नये. मोबाइल जप्त केला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचे चित्रीकरण झाले का आणि पंचनाम्यात फोनचा आयएमईआय क्रमांक व माहितीची हॅश व्हॅल्यू (माहितीत नंतर बदल झाला का हे ओळखण्याचा संकेत) लिहिली का, हेही पाहावे.

*सावधान :* ‘सही कर, तुला माफीचा साक्षीदार करतो’ हे आश्वासन पोलीस देऊ शकत नाहीत, आणि घरच्यांनी त्याला भुलून मुलाला ‘सांगून टाक’ म्हणणे ही या टप्प्यावरची सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

टप्पा ५ : मंडळापुढे हजर करणे

चोवीस तासांच्या आत मूल बाल न्याय मंडळापुढे गेले पाहिजे. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतील किमान एक स्त्री असते. मंडळ त्या दिवशी बसत नसेल तर एकट्या सदस्यापुढे, गरज पडल्यास त्याच्या घरीही, हजर करता येते; ‘मंडळ बुधवारी बसते, तोवर ठाण्यात ठेवू’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. मधल्या काळात मुलाला ठेवायचे ते निरीक्षणगृहात.

हजर करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी होते, आपल्याकडे बहुधा सीपीआर रुग्णालयात. तेथे डॉक्टर विचारतात, ‘मारहाण झाली का?’ आणि शेजारी पोलीस उभा असतो, त्यामुळे मूल ‘नाही’ म्हणते. पोलिसांना दरवाजाबाहेर थांबवावे, अशी विनंती पालकाने डॉक्टरांना करावी. वळ, सूज, तळपायाचे दुखणे जे असेल ते शब्दांत लिहून घ्यावे आणि कागदाची प्रत मागावी.

मंडळापुढे पहिली दहा मिनिटे महत्त्वाची. कलम १४ प्रमाणे, मुलाला पोलिसांनी किंवा इतर कोणी वाईट वागणूक दिली नाही ना, याची खात्री मंडळाने चौकशीच्या आरंभीच करून घ्यायची असते. वकिलाने हा प्रश्न मंडळाला आठवण करून देऊन विचारायला लावावा आणि उत्तर रोजनाम्यात घ्यावे. मुलाला कोठडीत ठेवल्याचे दिसले तर मंडळाने मूक प्रेक्षक राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०२० रोजी म्हटलेले आहे.

पोलीस मुलाला नेहमीच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे किंवा थेट विशेष न्यायालयापुढे घेऊन गेले तर तेथेच, पहिल्याच वाक्यात, कलम ९ चा, म्हणजे घटनेच्या वेळी आपण बालक होतो हा, दावा करावा आणि वयाचे कागद द्यावेत. हा दावा कोणत्याही टप्प्यावर, अगदी खटला संपल्यावरही करता येतो, पण तोवर मूल प्रौढांच्या तुरुंगात असते. मंडळापुढे पोलीस कोठडीची मागणी झाली तर ती देताच येत नाही, एवढेच म्हणावे. पुढे काही विचारायचे असेल तर मंडळाच्या परवानगीने, निरीक्षणगृहात, वकील किंवा पालक हजर असताना विचारता येईल. प्रौढ सहआरोपींबरोबर मुलाची कारवाई एकत्र चालवण्यास कलम २३ ची मनाई आहे, म्हणून कागदांचा संच वेगळा मागून घ्यावा.

चोवीस तास उलटूनही मूल कोठे आहे ते कळत नसेल तर बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे डांबलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे आणायला लावणारी, याचिका करावी. त्यासाठी आता मुंबईला जावे लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून भाऊसिंगजी रोडवर, सीपीआरसमोर, मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची प्रकरणे तेथे चालतात. पहिल्या टप्प्यात घेतलेली पोहोच आणि ईमेल हेच त्या याचिकेचे परिशिष्ट.

टप्पा ६ : जामीन

येथे नव्या वकिलांची हमखास चूक होते. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटल्यास जामीन नाकारणाऱ्या यूएपीएच्या कलम ४३ड(५) ला ते उत्तर देत बसतात आणि आरोप प्रथमदर्शनी खरा नाही, असे दहा पाने लिहितात. मुलाच्या जामिनाचा निकष आरोपाच्या खरेखोटेपणावर नाही. बाल न्याय अधिनियमाचे कलम १२ ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी’ असे म्हणूनच सुरू होते आणि जामीन नाकारण्याची तीनच कारणे देते : सुटल्यास मूल माहीत असलेल्या गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतू विफल होईल. अर्जात या तिन्हींना नेमके उत्तर असावे. ज्या माणसाने मुलाला ओढले तो आत आहे की बाहेर, मूल कोणाकडे राहील, कोणत्या शाळेत जाईल, फोन कोणाच्या ताब्यात असेल, हे लिहावे. गल्लीतच धोका असेल तर गडहिंग्लजच्या मामाचे किंवा कागलच्या आत्याचे हमीपत्र जोडावे. नुसते ‘गरीब घरचे मूल आहे’ असे लिहून काही साधत नाही.

परिविक्षा अधिकारी दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल देतो. तो घरी येतो तेव्हा शेजाऱ्यांना पढवून ठेवू नये. वह्या, निकालपत्रके आणि दवाखान्याचे कागद दाखवावेत. जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत तर मुलाला अटी बदलून घेण्यासाठी पुन्हा मंडळापुढे आणावे लागते. हे कोणी आठवणीने करत नाही, म्हणून आठव्या दिवशी स्वतः अर्ज द्यावा. जामीन नाकारला तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील आणि त्यापुढे उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो.

टप्पा ७ : सोळा वर्षांवरील मूल आणि निर्घृण आरोप

ही दोन्ही लक्षणे एकत्र असतील तरच कलम १५ चे प्राथमिक मूल्यांकन होते. मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि कृत्याची परिस्थिती एवढेच त्यात पाहायचे असते. गुन्हा केला की नाही, हे येथे ठरत नाही. मंडळात व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलै २०२२ रोजी सांगितले आहे. तज्ज्ञाच्या अहवालाची प्रत मागावी, केवळ बुद्ध्यंकाच्या आकड्यावर निष्कर्ष काढला असेल तर हरकत घ्यावी. बाल न्यायालयाकडे प्रकरण गेले तरी ते न्यायालय पुन्हा स्वतंत्रपणे ठरवते, एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल सुरक्षित स्थानातच राहते आणि फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

आणखी एक अर्ज बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. प्रौढाने किंवा टोळीने मुलाचा बेकायदेशीर कामासाठी वापर करणे, तसेच केंद्र सरकारने जाहीर केलेल्या दहशतवादी गटाने मुलाला भरती करणे, हा कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंडाचा गुन्हा आहे. मुलाला फोन, पैसे किंवा सिमकार्ड कोणी पुरवले हे समोर येत असेल तर त्या व्यक्तीवर हे कलम लावावे, असा अर्ज मुलाच्या वतीनेच द्यावा. त्या कागदावर तुमचे मूल प्रथमच पीडित म्हणून दिसते.

टप्पा ८ : नाव आणि फोटो

जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात हिंसाचार कसा उसळला, ते सर्वांनी पाहिले आहे. मुलाचे नाव, फोटो, शाळा, गल्ली किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणे कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वृत्तपत्र, वाहिनी, यूट्यूब चॅनेल, तालमीचा ग्रुप या सर्वांना हे लागू आहे. ‘अमुक पेठेतील, अमुक शाळेचा दहावीचा विद्यार्थी’ असे लिहिले की नाव न लिहूनही ओळख पटते. अशी पोस्ट दिसली की आधी वेळेसह स्क्रीनशॉट घ्यावा, दुवा जतन करावा, मग काढून टाकण्याची लेखी मागणी करावी. आधी काढायला लावली तर पुरावा जातो.

हा नियम घरच्यांनाही लागू आहे. मामाने कळकळीने मुलाचा शाळेतला फोटो लावून ‘आमच्या लेकराला न्याय द्या’ असे स्टेटस ठेवले, तर तेही याच कलमात बसते आणि त्या स्टेटसच्या प्रती कोणाकोणाच्या फोनमध्ये गेल्या हे मोजता येत नाही. ते स्टेटस आजच उतरवायला सांगावे.